मशीनला हात लावायच्या आधी मशीनवर बसणारीला विचारतात : सोलापूरच्या पूर्व भागातल्या शिलाई मशीन रिपेरीच्या दुकानाचा अनुभव

आमच्या युनिटला आठ मशीन आहेत, सहा सिंगल नीडल, एक ओव्हरलॉक आणि एक काज करायची. नऊ बायका कामाला आणि दहावी मी. शाळेचे ड्रेस शिवतो, मुलींचे ट्युनिक, मुलांच्या पँटा, शर्ट, आता शाळावाले शनिवारचा वेगळा ड्रेस पण मागतात. सोलापूर म्हणलं की बाहेरच्या लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते पण शाळेचे ड्रेस शिवायचं काम इथं किती घरात चालतं ते पूर्व भागात एक चक्कर मारली की कळतं, अशोक चौकापासून पुढं कुठल्याही बोळात शिरा, मशीनचा आवाज येणारच. आमचा सीजन मार्च ते जून. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्याच्या आधी माल गेला तर गेला, नंतर गेलेला माल व्यापारी पुढच्या वर्षापर्यंत गोडाऊनला टाकतो आणि पैशाला रडवतो. म्हणून मे महिन्यात एक मशीन एक दिवस बंद पडली तर काय होतं ते मशीनवाल्यालाच माहिती.

ह्या दुकानाशी माझा संबंध 2022 च्या मे महिन्यात आला. कोरोनात दोन वर्षं शाळाच नव्हत्या तर ड्रेस कुठले, ते पहिलंच पूर्ण वर्ष होतं आणि ऑर्डर एकदम अंगावर आल्या. बाहेर 43 डिग्री, वर पत्रा, आणि चार नंबरच्या मशीनवर सुया मोडायला लागल्या. दिवसाला एक, दोन, कधी तीन. त्या मशीनवर जी बाई बसते ती कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून येते, आधी विड्या वळायची, मग शिवण शिकली, हात स्वच्छ आहे तिचा, पण बोलते कमी. माझा तेव्हाचा मेकॅनिक दुसरा होता, तो दोनदा येऊन गेला. मशीनवर कापडाची चिंधी घातली, सर्र करून चालवली, म्हणाला मशीन ओके आहे, बाई कापड वढती म्हणून सुई मोडती, तिला सांगा. दोन्ही वेळचे पैसे घेतले आणि गेला.

मी बघितलं तर खरंच ती कापड ओढत होती. मग मला पण तेच पटलं. मी तिला चारचौघीत बोलले, आणि सांगितलं की इथून पुढं मोडलेल्या सुईचे दहा दहा रुपये तुझ्या पगारातून जाणार. त्या आठवड्यात तिच्या 11 सुया मोडल्या, मी 110 रुपये कापले. ती काहीच म्हणाली नाही, पैसे मोजून पदराला बांधले आणि गेली. ह्याची मला आजही लाज वाटते, म्हणूनच लिहितेय.

पुढच्या सोमवारी परत सुई मोडली आणि तुकडा उडून तिच्या गालाला लागला, डोळ्याच्या खाली बोटभर. तेव्हा मी घाबरले. शेजारच्या युनिटवाल्या भाभींनी ह्या दुकानाचं नाव सांगितलं. मी फोन केला तर दुकानाच्या मास्तरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता "त्या मशीनवर कोण बसतं? त्या आज आल्यात का?" मी म्हणलं नाही, तिला आज सुट्टी दिलीय, तुम्ही या आणि मशीन बघा. तर म्हणाले, "मग आज येऊन उपयोग नाही अक्का, उद्या त्या आल्यावर येतो. मशीन मला एकट्याला काय सांगणार." मला तेव्हा राग आला होता, सीजन चालू आणि हा माणूस एक दिवस पुढं ढकलतोय. आता कळतं की त्या एका वाक्यातच त्यांचं सगळं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आले. साठीच्या आसपासचे, हातात पितळी डबा, त्यात स्क्रू ड्रायव्हर आणि सुया, आणि एक छोटी बॅटरी. मशीन उघडली नाही. आधी तिला म्हणाले तुम्ही रोज शिवता तसं शिवा, मी नुसता बघतो. आणि चिंधीवर नाही, खऱ्या ट्युनिकवर, कमरेच्या पट्टीला जिथं चुण्या येतात तिथंच शिवा. ती घाबरली होती, माझ्याकडे बघत होती. मास्तरांनी मला हळूच सांगितलं, "अक्का तुम्ही जरा चहाचं बघता का?" मला तिथून उठवायचंच होतं त्यांना, मी पण उठले. आत चहा ठेवता ठेवता ऐकू येत होतं, ते तिच्याशी तेलुगूत बोलायला लागले. "एमैंदम्मा" म्हणून सुरू केलं, म्हणजे काय झालं बाई. माझा जन्म इथला, तेलुगू बोलता येत नाही पण निम्मं कळतं. चार वर्षं माझ्याकडे मराठीत "हो ताई, नाही ताई" एवढंच बोलणारी ती बाई तिथं पाच मिनिटं सलग बोलत होती. कापड पुढं जात नाही, चुण्यांवर आलं की अडकतं, म्हणून हातानं ओढावं लागतं, नाही ओढलं तर टाके एकावर एक पडतात आणि मग तो पीस ताई परत उसवायला लावतात. किती दिवस झालं? दिवाळीपासून.

मग मास्तर स्वतः तिच्या स्टुलावर बसले. त्यांनी स्टूल बदललं नाही, खुर्ची मागितली नाही, तिच्याच स्टुलावर, तिच्याच उंचीला, आणि तोच ट्युनिक घेऊन तीच पट्टी शिवली. चुण्यांवर आल्यावर मशीन थांबल्यासारखी झाली, त्यांनी हात लावला नाही तर सुई एकाच जागी टकटक करत बसली. मग कापड दाबून धरणारं फूट वर करून प्लेट काढली आणि मला बोलावून बॅटरी मारून दाखवलं. प्लेटच्या खाली कापड पुढं ढकलणारे दाते असतात, ते करवतीच्या दातासारखे टोकदार पाहिजेत, आमचे घासून गुळगुळीत झाले होते, बोट फिरवलं तर टोचत नव्हते. दोन पदरी चिंधी हलकी असते, ती कशीही पुढं जाते म्हणून आधीच्या माणसाला मशीन ओके दिसली. चुण्यांवर सहा सहा पदर येतात, तिथं दाते पकडत नाहीत. मग बाई ओढते. ओढलं की सुई वाकते, वाकलेली सुई भोकाच्या कडेला आपटते आणि मोडते, आणि प्लेटच्या भोकाला असा ओरखडा पडतो की नंतर दोरा पण तुटायला लागतो. सुई पण आम्ही 14 नंबर वापरत होतो, एवढ्या जाड पट्टीला 16 पाहिजे. नवे दाते, नवी प्लेट, सुईचा नंबर बदलला, दोरा पकडणाऱ्या हुकाचं टायमिंग बघितलं, फूटचं प्रेशर थोडं लावलं. पाऊण तासाचं काम. त्यानंतर त्या मशीनवर महिन्याला एखादी सुई मोडत असेल.

म्हणजे तिचं ओढणं हा मशीनचा आजार होता आणि मी त्याचे पैसे तिच्याकडून घेतले होते. मी त्याच दिवशी 110 रुपये परत दिले आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं की चूक मशीनची होती आणि माझी होती. चारचौघीत बोलले होते तर चारचौघीतच परत घ्यायला पाहिजे ना. मास्तरांनी मला त्यावर एक शब्दही ऐकवला नाही, फक्त जाताना म्हणाले "त्यांना विचारत जावा, मशीन त्यांच्या पायाला आणि हाताला आधी कळती, मला आणि तुम्हाला मागनं."

नंतर आमच्या टॅक्सवाल्या सरांकडून मला कळलं की 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात पण हेच लिहिलं होतं, कामगाराच्या हातून नुकसान झालं म्हणून पगार कापायचा असेल तर आधी त्याला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, न विचारता कापता येत नाही. नव्वद वर्षापूर्वी लिहून ठेवलंय. का लिहावं लागलं असेल ते मला आमच्या आजोबांच्या बोलण्यावरनं माहिती आहे. आजोबा जुन्या मिलमधे मागावर होते, तीच 1877 ची जुनी गिरणी, आता नुसतं नाव राहिलंय. ते सांगायचे की कापडात दोष निघाला की जॉबर, म्हणजे मिलचा मुकादम, मागाकडे बघायचाच नाही, सूत कच्चं होतं का, धोटा खराब होता का, काही नाही, सरळ विणणाऱ्याच्या नावावर दंड. आजी सांगायची की ज्या दिवशी दंड व्हायचा त्या दिवशी आजोबा घरी येऊन जेवायचे पण बोलायचे नाहीत. हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं असून मी तेच केलं. पैसे मोजून पदराला बांधणाऱ्या त्या बाईचा चेहरा आठवला की मला आजोबा आठवतात.

आता दुकानाबद्दल नीट सांगते.

दुकान लहान आहे, दहा बाय पंधरा असेल, पुढं काउंटर, मागं रिपेरी. काउंटरवर काचेच्या बरण्या, त्यात बॉबिन, बॉबिन केस, सुया, स्प्रिंगा, पट्टे. ज्युकी, तसंच जॅक आणि इतर चायना मशीन, सगळ्यांचे पार्ट मिळतात, नसेल तर दोन दिवसात मागवून देतात. ओरिजिनल पाहिजे का डुप्लिकेट ते आधी विचारतात आणि दोन्हीचा भाव एकदम सांगतात. एक गोष्ट मला फार आवडली, कुठला पार्ट डुप्लिकेट चालतो आणि कुठला चालत नाही हे पण सांगतात. बॉबिन साधी घ्या, काही होत नाही, पण हुक डुप्लिकेट घेऊ नका. ज्यांचा धंदा पार्ट विकायचा आहे त्यांनी स्वतःहून स्वस्तातली गोष्ट घ्या म्हणणं हे मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

2023 ला मी दोन मशीनच्या जुन्या क्लच मोटर काढून सर्वो मोटर बसवायच्या ठरवल्या. कारण लाईट बिल. क्लच मोटर बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत फिरतच असते, बाई शिवत असो का दोरा ओवत असो, सर्वो फक्त पायडल दाबल्यावर फिरते. मी मनात ठरवलं होतं की ज्या दोघी सगळ्यात जास्त पीस काढतात त्यांच्या मशीनला बसवायच्या. मास्तर आले, मोटर बाजूला ठेवल्या आणि सगळ्यांना एक एक करून विचारलं पाय कुणाचे दुखतात. आधी कुणीच बोलेना. मग एक काकू, पन्नाशीच्या, म्हणाल्या गुडघा दुखतो, संध्याकाळी जिना चढता येत नाही. आणि दुसरी, तिचं सिझेरियन होऊन सहा महिने झाले होते, ती म्हणाली पायडल दाबताना पोटात ओढ बसते. क्लच मोटरचं पायडल जोर लावून दाबावं लागतं आणि तोल सांभाळायला पाय सारखा अर्धा उचलून धरावा लागतो, सर्वोला नुसता पाय टेकवला तरी चालते आणि स्पीड पण कमी जास्त करता येतो. मास्तर मला म्हणाले, "ठरवा तुम्ही, पैसे तुमचे हायत. पण जोरात चालणारीला मोटर दिली तर ती अजून पाच पीस काढंल, ह्यांना दिली तर ह्या पुढच्या सीजनला कामावर असत्याल."

मी त्या दोघींना दिल्या. काकू अजून आहेत आमच्याकडे, नवीन मुलींना कॉलर त्याच शिकवतात. कॉलर बसवणारी बाई सोडून गेली तर दुसरी तयार व्हायला सहा महिने जातात, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आता सगळ्या मशीनला सर्वो झाल्यात. बिल कमी झालं ते झालंच पण अजून एक झालं जे मला अपेक्षित नव्हतं, आवाज कमी झाला. आधी सहा मोटरींची सारखी घरघर, कुणाला काही सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून बोललं की साधी गोष्ट पण रागवल्यासारखी वाटते. आता शिवता शिवता बोलणं होतं. दुपारी दीडला डबे उघडतात, कडक भाकरी, दाण्याची चटणी, कुणाकडे आंबट भाजी, तेव्हा पण ज्या गप्प बसायच्या त्या बोलतात. कुणाच्या घरी पाणी पाच दिवसाआड येतं आणि त्या दिवशी ती उशीरा का येते हे मला अशाच एका जेवणात कळलं. आधी मी तिचा अर्धा तास मांडत होते. आता ज्या दिवशी पाणी त्या दिवशी ती अकराला येते आणि साडेसातला जाते, काम तेवढंच होतं.

दुकानाकडे दोन मशीन अशा आहेत ज्या विकायच्या नाहीत, फक्त द्यायच्या. तुमची मशीन दुकानात न्यावी लागली आणि दोन दिवस लागणार असतील तर त्यातली एक तुमच्याकडे ठेवून जातात. भाडं नाही, फक्त रिक्षाचं भाडं तुमचं. मी विचारलं होतं असं का, तर म्हणाले मशीन बंद पडली तर तुमचं नुकसान होतं ते तुम्ही मला फोन करून सांगता, पण पीसवर काम करणारीचा तो दिवस कोरा जातो आणि ती कुणाला फोन करणार. हे अगदी खरं आहे. पगारावरची बाई मशीन बंद असली तरी बसून राहील, पीसवरची घरी जाते, आणि घरी गेली की त्या दिवसाची भाजी जाते. सीजनमधे मात्र ह्या मशीन मिळतीलच असं नाही, एप्रिलपासूनच नंबर लागतात, आणि नंबर लावताना ते विचारतात की त्या मशीनवर बसणारीला दुसरं काम देता येईल का, म्हणजे बटन, काज, प्रेस असलं काही. देता येत असेल तर तुमचा नंबर मागं जातो. मला एकदा असंच मागं टाकलं आणि मशीन घरगुती शिवणाऱ्या एका बाईला दिली. तेव्हा वाईट वाटलं पण बरोबर होतं, माझ्याकडे सात मशीन चालू होत्या, तिच्याकडे एकच.

नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हणतात, हे पण मी समोरच्याला समजून घेण्यातच धरते. आपल्याकडे "बघू, उद्या करतो, येतोच" असं सांगून चार दिवस लटकवायची पद्धत आहे, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणे. मास्तर म्हणतात गुरुवारपर्यंत होणार नाही, दुसरीकडे न्या, आणि कुठं न्यायची ते पण सांगतात. एकदा त्यांनी मला स्वतःच्या ओळखीच्या दुसऱ्या दुकानात पाठवलं होतं. लटकवलेल्या माणसाचे दिवस जातात, नाही ऐकलेला माणूस निदान पुढं जातो.

पैशाचं सांगते, कारण धंद्यात माणूस कसा आहे ते उधारीत कळतं. 2023 च्या सीजनचं माझं एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडे मोठं पेमेंट अडकलं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, फोन उचलेना. माझ्याकडे मास्तरांचे 11,400 रुपये द्यायचे होते, त्या मोटरींचे आणि पार्टचे. मी लाजेनं दुकानाकडे जायचंच बंद केलं, त्या रस्त्यानं पण जात नव्हते. एक दिवस त्यांचाच फोन आला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "अक्का, तुमचे पैसे अडकलेत हे भाभींनी सांगितलं. मला सगळे लगेच नकोत. पण तारीख सांगा, कारण मला बी मुंबईच्या पार्टवाल्याला तारीख द्यायची हाय. खरी तारीख सांगा, लांबची असली तरी चालंल." मी दिवाळीच्या आधीचे दोन हप्ते सांगितले आणि त्या तारखेला दिले, एक हप्ता तर मंगळसूत्रातल्या दोन वाट्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून दिला, पण दिला.

पैसे सोडून द्या असं ते म्हणाले नाहीत, म्हणायला पण नको होतं. त्यांचं पण घर आहे, दुकानात दोन पोरं कामाला आहेत. मला जे पाहिजे होतं ते म्हणजे माझी अडचण कुणीतरी खरी मानावी, आणि त्यांना जी तारीख पाहिजे होती ती मी द्यावी. व्यापाऱ्यानं मला एवढं केलं असतं तरी चाललं असतं. तीन महिने फोन न उचलता बसण्यापेक्षा "नाहीत पैसे, अमुक दिवशी देतो" एवढं एक वाक्य. वाट बघणाऱ्या माणसाचं काय होतं हे त्याला माहिती नव्हतं असं मी म्हणणार नाही, त्यालाही वरच्यानं असंच अडकवलं असणार. पण नऊ बायकांच्या दिवाळीचा बोनस त्या फोनवर लटकला होता.

ज्यांचं असं पेमेंट अडकतं त्यांच्यासाठी लिहून ठेवते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाईन होते, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. लहान उद्योगाचा 2006 चा जो कायदा आहे त्यात लेखी करार नसेल तर 15 दिवसात आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसात पैसे द्यायला लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकरात पण ते आलंय, आपल्यासारख्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या पार्टीला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, देतील त्या वर्षी धरायचा. तेव्हापासून मार्च महिन्यात फोन यायला लागलेत हे मी स्वतः बघितलंय. कायद्यानं का होईना, फोन तर आला. बिलावर उद्यमचा नंबर छापून घ्या.

आता जे मला पटलं नाही ते पण लिहायला पाहिजे. काउंटरवर जो पोरगा असतो तो घाईत असतो, नीट ऐकून घेत नाही. त्यानं मला एकदा चुकीची बॉबिन केस दिली, मी सांगत होते की ओरिजिनल दाखवून घेतलीय, तरी "हीच बसती" म्हणून पुडी बांधली. बसली नाही. अर्धा दिवस गेला, परत आले तेव्हा मी चिडलेली होते आणि मास्तरांसमोरच त्याला बोलले. मास्तरांनी बदलून दिली, माफी मागितली, पण पोराला माझ्यासमोर काही म्हणाले नाहीत. मला तेव्हा वाटलं की पोराची बाजू घेतायत. मग पंधरा दिवसांनी गेले तर त्यानं माझ्या हातातली जुनी केस घेतली, नवीन बाजूला ठेवून दोन्ही मापली, आणि म्हणाला "ताई घरी जाऊन बसली नाही तर मला फोन करा, मी आणून देतो". काय बोलले असतील ते मागं बोलले असतील. तरी अजून तो घाईत असतोच, त्याला दोनदा सांगा.

दुपारी एक ते तीन फोन लागत नाही, ते जेवून झोपतात आणि मे महिन्यात तर चारशिवाय उठत नाहीत, त्यावर काही उपाय नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दोन तीन दिवस आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी दुकान पूर्ण बंद. बोळ अरुंद आहे, छोटा हत्ती आत जात नाही, मशीन हातगाड्यावर आणावी लागते. एम्ब्रॉयडरीच्या कॉम्प्युटर मशीनचं काम करत नाहीत, स्पष्ट सांगतात येत नाही म्हणून. पक्कं बिल मागितलं की देतात पण हातानं लिहिलेलं, अक्षर मला पण लागत नाही, त्यामुळे टॅक्सवाल्या सरांची दर वर्षी तक्रार असते.

रेट म्हणाल तर गावात येऊन बघायचे 200, पार्टचे वेगळे. घरगुती पायमशीन असेल आणि ती बाई त्यावर पोट भरत असेल तर 100 घेतात, हे फळ्यावर लिहिलेलं नाही पण मी चार वेळा बघितलंय. इतरांपेक्षा स्वस्त नाहीत, आमच्या आधीच्या मेकॅनिकपेक्षा तर महागच. पण तो तीनदा यायचा आणि हे एकदा येतात, हिशोब तुम्ही करा. नवीन मशीन घ्यायची असेल तर त्यांना विचारूनच घ्या, मला एकदा त्यांनी मशीन विकायचीच नाकारली होती, म्हणाले अजून एक वर्ष हीच चालवा, पुढच्या सीजनचं पेमेंट आल्यावर बघू.

मास्तर पहिल्यांदा आले त्या दिवसापासून आमच्याकडे भिंतीला एक वही लटकवलीय. मशीन नंबर, काय वाटतंय, कुणी लिहिलं. मराठीत, तेलुगूत, जिला लिहिता येत नाही ती कॉलेजला जाणाऱ्या पोरीकडून लिहून घेते, "आवाज येतोय", "दोरा तुटायलाय", "उजवीकडे गरम लागतंय". मास्तर आले की आधी ती वही वाचतात, मग डबा उघडतात. सुईचे पैसे मी परत कधी कुणाचे कापले नाहीत आणि सुयांचा खर्च आधीपेक्षा कमी येतो. गालाला लागलेल्या त्या बाईच्या नावानं त्या वहीत सगळ्यात जास्त पानं आहेत. मागच्या महिन्यात तिनं ओव्हरलॉकबद्दल लिहिलं होतं, ती मशीन तिची नाही, शेजारणीची आहे, तिला ऐकू कमी येतं म्हणून हिनं लिहिलं. दोऱ्याचा फास घालणारा लूपर ढिला झाला होता, वेळेत सापडला.

दुकानात जायचं असेल तर सकाळी दहा ते बाराच्या मधे जा. चिंधी नेऊ नका, मशीनवर जे खरं चालू आहे तेच कापड न्या, जिथं अडतं तोच भाग. आणि जमलं तर जी त्या मशीनवर बसते तिलाच गाडीवर मागं बसवून न्या, तिची तेवढ्या वेळाची मजुरी धरून, कारण मास्तर तुम्हाला नमस्कार करतील आणि बोलणं तिच्याशी सुरू करतील.